बार्शीची नोंदवही

खेड्यातला कॅन्सर दवाखान्यात बसून मोजता येत नाही. दुखणं अंगावर काढत बाई घरातच गेली, तर ती कुठल्याच आकड्यात येत नाही. म्हणून 1987 साली बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, तेव्हा डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. बी. एम. नेने यांनी माणसंच गावोगाव धाडली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली 346 गावं. पाळी गेल्यावर कुणाच्या अंगावरून जातंय का, छातीत न दुखणारी गाठ आहे का, असं विचारायचं आणि शंका आली की तपासणीला आणायचं. या नोंदीमागची खरी मेहनत ही आहे.

त्यातून दिसलं ते असं: मुंबईच्या मानाने इथे स्तनाचा कॅन्सर बराच कमी, गर्भाशयमुखाचा जास्त. कमी आकडा पाहून 'गावाकडची हवा चांगली' म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. स्तनाच्या कॅन्सरचं नातं इस्ट्रोजेनशी आहे. पाळी लवकर येणं, उशिरा जाणं, पहिलं मूल उशिरा होणं, पाळी गेल्यावर वजन वाढणं यांनी धोका वाढतो. 30 देशांतल्या 47 अभ्यासांचा 2002 साली एकत्र हिशेब झाला. त्यात दर बाळंतपणामागे धोका सुमारे 7 टक्क्यांनी, आणि अंगावर पाजलेल्या दर वर्षामागे आणखी 4.3 टक्क्यांनी कमी आढळला. बार्शीकडच्या बायकांची लग्नं लवकर, लेकरं जास्त, पाजणं लांब. त्याच लवकरच्या लग्नांनी आणि बाळंतपणांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला मात्र वाव दिला. त्याचं मूळ एचपीव्ही विषाणूत.

त्या दुसऱ्या कॅन्सरवर याच मंडळींनी उस्मानाबाद जिल्ह्यात मोठी चाचणी केली. एक लाख एकतीस हजारांवर स्त्रिया त्यात होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे 2009 साली प्रसिद्ध झालं.

आता खेड्यातही दोन लेकरांवर घर थांबतं, आणि ते चांगलंच आहे. जुन्या दिवसांचं ते संरक्षण बायकांनी आपल्या शरीराची झीज सोसून मिळवलं होतं, ते परत मागू नये. पण त्याबरोबर स्तनाचा कॅन्सर वाढणार, हे धरूनच चालावं लागेल. गाठ दुखत नाही म्हणून बाई थांबते, सुगी उरकू दे म्हणते. अशा वेळी दारात येऊन विचारणारं माणूस आजही प्रत्येक गावाला हवं.