टेबलावरचा तिरंगा: किती मोठा, कुठल्या बाजूला, आणि फाटला तर काय करायचं?

ऑगस्ट उजाडला की स्टेशनरीच्या दुकानांत पितळी किंवा प्लास्टिकच्या बैठकीवर उभे केलेले छोटे तिरंगे दिसू लागतात. कुणी ते ऑफिसच्या टेबलावर ठेवतं, कुणी दुकानाच्या गल्ल्यावर, कुणी मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर. त्याच सुमारास मोबाईलवर फॉरवर्डही फिरू लागतात. एकात म्हटलेलं असतं, की असा झेंडा ठेवायचा हक्क फक्त मंत्र्यांना आहे. दुसऱ्यात म्हटलेलं असतं, की झेंडा खादीचा नसेल तर थेट तुरुंगवास.

दोन्ही गोष्टी आज खऱ्या नाहीत. पण त्या हवेतूनही आलेल्या नाहीत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी नियम खरंच बरेच कडक होते.

आधी आकाराचं बघू. राष्ट्रध्वजाचे एकूण नऊ प्रमाणित आकार आहेत. सगळ्यात मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सगळ्यात लहान १५० बाय १००. हा शेवटचा आकार खास टेबलासाठी ठरवलेला आहे. मोटारीसाठी २२५ बाय १५०, तर अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या विमानासाठी ४५० बाय ३०० सुचवला आहे. म्हणजे टेबलावरच्या झेंड्यापेक्षा सगळ्यात मोठा झेंडा लांबीला बेचाळीस पट असतो. लांबी-रुंदीचं ३:२ हे प्रमाण मात्र दोघांनाही सारखंच लागू. घरचा झेंडा एखाद-दोन सेंटिमीटर लहानमोठा असला तर काही बिघडत नाही, पण चौकोनी किंवा पट्टीसारखा लांबुळका झेंडा चुकीचाच.

खरी कसोटी लागते ती चक्राची. १५० बाय १०० च्या झेंड्यावर अशोकचक्राचा व्यास २५ मिलिमीटर असायला हवा. पांढरा पट्टा जेमतेम ३३ मिलिमीटरचा, आणि त्यातल्या रुपयाच्या नाण्याएवढ्या वर्तुळात चोवीस आरे बसवायचे. कडेला दोन आऱ्यांत सव्वातीन मिलिमीटर अंतर राहतं. स्वस्तात छापताना नेमकं इथेच पाणी मुरतं: आरे कमी पडतात, चक्र अंडाकृती होतं किंवा एका बाजूला सरकतं. चक्र गडद निळं असावं आणि दोन्ही बाजूंनी नीट दिसावं. विकत घेताना आरे मोजायला अर्धा मिनिट लागतो.

चक्र दोन्ही बाजूंनी सारखं दिसावं, या आग्रहाला इतिहास आहे. १९३१ साली काँग्रेसने स्वीकारलेल्या केशरी-पांढऱ्या-हिरव्या ध्वजावर चक्र नव्हतं, चरखा होता. चरख्याला एका बाजूला मोठं चाक आणि दुसऱ्या बाजूला चाती. झेंड्याच्या पाठीमागून पाहिलं तर सगळं उलटं दिसणार. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत ध्वजाचा ठराव मांडताना जवाहरलाल नेहरूंनी ही अडचण सांगितली होती. म्हणून चरख्याचं चाक तेवढं ठेवलं आणि त्याला सारनाथच्या अशोकस्तंभावरच्या चक्राचं रूप दिलं. त्या दिवशी नेहरूंनी सभेपुढे दोन झेंडे ठेवले, एक रेशमी खादीचा आणि एक सुती खादीचा. दोन्हीकडे माणसं बसलेल्या टेबलावर झेंडा ठेवला की या निर्णयाची सोय लगेच कळते.

त्याआधीचा प्रवासही मोठा आहे. १९०७ मध्ये मादाम भिकाजी कामांनी जर्मनीतल्या स्टुटगार्टला जो ध्वज फडकवला, त्याच्या मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वंदे मातरम्’ लिहिलेलं होतं. तो ध्वज पुढे पुण्यात आला आणि केसरीवाड्यात जपून ठेवला आहे. (आजच्या राष्ट्रध्वजावर काहीही लिहायला मनाई आहे, त्यामुळे तिरंग्यावर दुकानाचं नाव छापून वाटणाऱ्यांनी त्या ध्वजाचा दाखला देऊ नये.) १९२१ मध्ये बेजवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना आपला आराखडा दाखवला. दोनच वर्षांनी नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. सिव्हिल लाईन्समध्ये चरख्याचा झेंडा घेऊन जायला इंग्रजांनी बंदी घातली होती. लोक तुकड्या-तुकड्यांनी झेंडा घेऊन निघत आणि अटक करवून घेत. जमनालाल बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली.

स्वातंत्र्यानंतर गंमत अशी झाली, की सामान्य माणसाला हा झेंडा वर्षातले ठरावीक दिवसच लावता येत असे. उद्योजक नवीन जिंदाल यांनी आपल्या कारखान्यावर तो रोज लावला, अधिकाऱ्यांनी हरकत घेतली आणि प्रकरण कोर्टात गेलं. १९९५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जिंदाल यांच्या बाजूने निकाल दिला. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि वर्षभर कुठल्याही दिवशी तिरंगा लावायची मुभा सगळ्यांना मिळाली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सन्मानाने ध्वज फडकवणं हा अभिव्यक्ती स्वातंत्र्यातला हक्क आहे, फक्त त्याला कायद्याच्या मर्यादा आहेत.

खादीचं म्हणाल, तर भारतात ठरलेलं पहिलंवहिलं मानक, ‘आयएस १’, राष्ट्रध्वजाचंच आहे. त्या मानकाप्रमाणे खादीचे ध्वज शिवणाऱ्या संस्था मोजक्याच. हुबळीजवळच्या बेंगेरीची संस्था त्यात सर्वांत परिचित, आपल्याकडे नांदेडलाही ध्वज तयार होतात. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर मात्र यंत्रावर विणलेलं कापड आणि पॉलिएस्टरही चालतं. या बदलाने खादीच्या विणकरांच्या पोटावर पाय येईल, अशी टीका तेव्हा झाली आणि ती चुकीची नव्हती. पॉलिएस्टरचा टेबलध्वज ठेवणारा आज गुन्हेगार नाही, एवढं नक्की.

मग गुन्हा कशात आहे? १९७१ च्या कायद्यानुसार राष्ट्रध्वज सार्वजनिक ठिकाणी जाळणं, फाडणं, तुडवणं, विद्रूप करणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. टेबलावर झेंडा ठेवणारा सहसा अशा टोकाला जात नाही, त्याची चूक निष्काळजीपणाची असते. झेंडा उलटा लावणं, म्हणजे केशरी पट्टा खाली येणं. मळलेला, विटलेला झेंडा वर्षानुवर्षं तसाच ठेवणं. टेबलावर तिरंगा अंथरणं.

दोन झेंड्यांच्या स्टँडवर बाजू चुकते. काठ्या एकमेकींवर तिरक्या असतील तर तिरंगा त्याच्या स्वतःच्या उजवीकडे, म्हणजे समोरून पाहणाऱ्याच्या डावीकडे हवा, आणि त्याची काठी दुसऱ्या काठीच्या पुढे. भिंतीवरच्या ध्वजांसाठी संहितेत हा नियम आहे, टेबलावरही तोच पाळावा. दुसरा झेंडा दुसऱ्या देशाचा असेल तर दोन्हींचा आकार आणि उंची सारखी ठेवायची. कंपनीचा किंवा संस्थेचा असेल तर तो तिरंग्यापेक्षा उंच नको.

गाडीचा नियम वेगळा आहे. मोटारीवर ध्वज लावण्याचा अधिकार राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री, न्यायाधीश अशा ठरावीक पदांनाच आहे. ‘फक्त मंत्र्यांना हक्क’ हा फॉरवर्ड बहुधा इथूनच निघून टेबलापर्यंत पोहोचला असावा.

प्लास्टिकचे झेंडे १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या बंदी घातलेल्या वस्तूंच्या यादीत आहेत. कागदी झेंडे राष्ट्रीय कार्यक्रमांत आणि सामन्यांत हातात धरता येतात, पण नंतर ते जमिनीवर टाकायचे नाहीत. कापडी झेंडा फाटला किंवा विटला तर तो कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही आणि त्याची फडकीही करायची नाहीत. तो अखंडच, खासगीत, शक्यतो जाळून किंवा मान राखला जाईल अशा दुसऱ्या रीतीने नष्ट करायचा. त्याचा व्हिडिओ काढून टाकायची गरज नाही. ‘खासगीत’ हा शब्द संहितेत आहेच. स्टँड मात्र ठेवून द्यावा, १५० बाय १०० चा नवा झेंडा त्यात बसतो.