उंदरात रुजवलेली गाठ

स्तनाच्या कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढल्यावर तिचा ताजा तुकडा थेट उंदरात रुजवून वाढवला जातो. पूर्वी बहुतेक प्रयोग काचेच्या बशीत वाढणाऱ्या पेशींवर होत. त्यांपैकी एमसीएफ-७ या अमेरिकेत तयार झालेल्या पेशी जगभर वापरल्या गेल्या. पण वर्षानुवर्षे बशीत राहिलेल्या पेशी बशीलाच सरावतात. रुग्णाच्या गाठीतली पेशीपेशींमधली विविधता त्यांच्यात उरत नाही.

उंदराचे शरीर परकी गाठ नाकारते, ही पहिली अडचण. १९६९ साली कोपनहेगनमध्ये रायगार्ड आणि पोव्हल्सन यांनी थायमस ग्रंथी नसलेल्या, केस नसलेल्या उंदरात माणसाची गाठ वाढवून दाखवली. ती आतड्याची होती. आता टी, बी आणि नैसर्गिक मारक अशा तिन्ही प्रकारच्या पेशी नसलेले एनएसजी उंदीर वापरतात.

काही मिलिमीटरचा तुकडा मादीच्या स्तनग्रंथीलगतच्या चरबीत बसवतात. पिलू तीन आठवड्यांचे असतानाच तिथली ग्रंथी काढून जागा मोकळी केली जाते. मग महिनोन्‌महिने वाट पाहायची. गाठ वाढली की तिचे तुकडे पुढच्या उंदरांत लावतात, काही गोठवून ठेवतात. आंब्याच्या कलमांसारखी एकाच गाठीची अनेक रोपे मिळतात आणि प्रत्येकावर वेगळे औषध तपासता येते.

सगळ्या गाठी सारख्या रुजत नाहीत. इस्ट्रोजेनसारखे संकेत टिपणाऱ्या तिन्ही ग्राहक-प्रथिनांचा अभाव असलेल्या आक्रमक गाठी बऱ्यापैकी रुजतात. इस्ट्रोजेन-ग्राहक असलेल्या गाठी रुग्णांत सर्वाधिक, पण उंदरात हट्टी. त्यांना इस्ट्रोजेनची गोळी कातडीखाली ठेवावी लागते. २०१६ मध्ये लोझानच्या संशोधकांनी अशा पेशी स्तनाग्रातून थेट दुग्धवाहिनीत सोडल्या आणि त्या बाहेरच्या संप्रेरकाशिवाय वाढल्या. म्हणजे दोष बराचसा जागेचाच होता.

युटामधील हंट्समन कर्करोग संस्थेचा २०११ चा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे: नव्याने निदान झालेल्या ज्या स्त्रियांची गाठ उंदरात रुजली, त्यांचा आजार पुढे अधिक बळावला. रुजणे हेच आक्रमकतेचे लक्षण ठरले.

मर्यादाही मोठ्या आहेत. गाठीभोवतीचे मानवी ऊतक लवकरच उंदराच्या ऊतकाने बदलते. प्रतिकारशक्तीच नसल्याने तिला चालना देणारी औषधे इथे तपासता येत नाहीत. त्यासाठी मानवी रक्तपेशी रुजवलेले महागडे उंदीर लागतात. पिढ्यांगणिक गाठीची गुणसूत्रे किती बदलतात, यावर २०१७ आणि २०२१ च्या मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष जुळले नाहीत. शिवाय गाठ रुजायला लागणारे महिने बहुतेक रुग्णांच्या हाती नसतात. किमान औषधे तपासण्याचा वेळ वाचावा म्हणून उंदरातल्या गाठीपासून बशीत सूक्ष्म गोळे वाढवून औषधांची पहिली चाळणी तिथेच लावली जाते.