कॅमेरा गिळण्याआधी

"खाला, कॅमेरा गिळला की तो परत बाहेर येतो ना?" मुंबईची गाडी येईपर्यंत मलकापूरच्या फलाटावर भाच्याने मला हे तीनदा विचारले. वर्गात मी पचनसंस्था शिकवते, पण त्या रात्री माझ्याकडेही पक्के उत्तर नव्हते.

पोरगा दोन वर्षांपासून आजारी होता. जेवल्यावर बेंबीभोवती कळ, अधूनमधून जुलाब, बारीक ताप, कपडे सैल होत चाललेले. आपल्याकडे अशा वेळी आधी नजर उतरवतात, मग जंताचे औषध देतात. आम्हीही तेच केले. पुढे तोंडावाटे दुर्बीण झाली, खालूनही झाली. दोन्ही रिपोर्ट स्वच्छ. शेवटी एका डॉक्टरांनी अंदाजानेच टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. चार महिने घेतल्या, फरक शून्य.

दुर्बिणीची चूक नव्हती. लहान आतडे सुमारे 20 फूट लांब असते. वरची दुर्बीण त्याच्या सुरुवातीपर्यंत जाते, खालची शेवटच्या तुकड्यापर्यंत. मधला सगळा भाग राहून जातो, आणि क्रोन्स हा आजार तिथेही बसलेला असू शकतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटते, जखमा होतात, काही ठिकाणी आतडे अरुंद होते. 1932 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. हा आजार संसर्गाचा नाही, घरच्यांना लागत नाही.

आपल्या देशात खरी अडचण अशी की आतड्याचा टीबी अगदी असाच दिसतो. ताप तोच, वजन घटणे तेच, जखमाही त्याच जागी. मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधील डॉ. दीपक अमरापूरकर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये नेमक्या याच प्रश्नावर, दोन्ही आजारांच्या रुग्णांची तुलना करून, शोधनिबंध लिहिला. गोंधळ दोन्हीकडून महाग पडतो. क्रोन्सला टीबी समजले तर महिने वाया जातात आणि आतडे आतून खराब होत राहते. टीबीला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले तर टीबी अंगभर पसरू शकतो.

मुंबईच्या डॉक्टरांनी कॅप्सूल लगेच दिली नाही. आधी आतड्याचे सीटी स्कॅन केले, कारण आतडे कुठे अरुंद असेल तर कॅप्सूल तिथेच अडकते आणि ती काढायला कधी ऑपरेशनही लागते. शंका असेल तर आधी विरघळणारी नकली कॅप्सूल देऊन रस्ता मोकळा आहे का ते पाहतात. दुसरा प्रश्न होता, दुखण्याच्या गोळ्या घेतोस का? मेडिकलवरून आणलेल्या त्या गोळ्यांनीही आतड्यात क्रोन्ससारख्याच जखमा होतात. त्या बंद करून आम्हाला महिन्याने परत बोलावले.

तपासणीच्या आदल्या रात्रीपासून पोट रिकामे. सकाळी कमरेला पट्टा बांधला, त्यात फोटो साठवणारे यंत्र. कॅप्सूल साधारण अडीच सेंटीमीटर लांब, पाण्याबरोबर गिळायची. माझ्या बहिणीने हळूच विचारले, वरचे कवच जिलेटिनचे तर नाही? नाही, प्लास्टिकचे असते. दोन तासांनी पाणी, चार तासांनी हलके खाणे. आठ तासांत पन्नास हजारांवर फोटो. दुखले काहीच नाही. भूल नाही, टोचणे नाही. खर्च मात्र पाच आकडी, म्हणून आधीच विचारून घ्यावे. कॅप्सूल शौचावाटे पडून जाते, ती परत आणून द्यायची नसते. पण ती पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही. दोन आठवड्यांत पडली नाही तर एक्स-रे काढतात.

फोटोंत मधल्या आतड्यात जखमा दिसल्या. मला वाटले, झाले निदान. डॉक्टर म्हणाले, कॅप्सूल फक्त बघते, तुकडा काढू शकत नाही. मग खास लांब दुर्बिणीने त्या जागेचा तुकडा काढला, तो टीबीसाठीही तपासला. ते रिपोर्ट आल्यावरच क्रोन्सचे औषध सुरू झाले.

त्याला आता आठ महिने झाले. हा आजार मुळापासून जात नाही, औषध आणि तपासण्या चालूच राहणार. मध्ये बरे वाटले म्हणून पोराने गोळ्या सोडल्या होत्या, बहिणीने डबा उघडून मोजल्या तेव्हा कळले. आता रात्रीची गोळी ती स्वतःच्या हाताने देते.