डर्टी काऊ: लॉक होतं, तरीही रेस झाली

‘रेस कंडिशन म्हणजे कुणीतरी लॉक लावायला विसरलं,’ हे उत्तर मुलाखतीला येणाऱ्या मुलांकडून मी कितीदा ऐकलंय, त्याला गणती नाही. उत्तर निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यासाठी आज लिनक्स कर्नलमधला एकच बग घेऊन बसूया. त्यात लॉक होतं, नियमाने लावलेलं होतं, आणि तरीही साध्या युजरला थेट रूट होता येत होतं. तोही वर्षानुवर्षं.

बगचं नाव डर्टी काऊ, क्रमांक सीव्हीई-२०१६-५१९५. काऊ म्हणजे इथे गाय नव्हे. ती कॉपी-ऑन-राइटची आद्याक्षरं आहेत. (लोगोवर मात्र गायच काढली लोकांनी.)

कॉपी-ऑन-राइट समजायला सरकारी दप्तरखाना डोळ्यांपुढे आणा. मूळ नोंदवही सगळ्यांना मिळून एकच. वाचायची असेल तर तीच दाखवतात. पण तुम्हाला पानावर काही खरडायचं असेल, तर कारकून त्या पानाची नक्कल काढून देतो. काय गोंधळ घालायचा तो नकलेवर घाला, मूळ वही सुरक्षित. कर्नल अगदी हेच करतो. वाचायचीच परवानगी असलेली फाइल तुम्ही खासगी म्हणून मेमरीत मॅप केलीत, की आधी मूळ पान दिसतं. लिहायची वेळ आली की नक्कल निघते.

आता बघा गंमत कुठे होते. तुम्ही चिठ्ठी देता: ‘पान हवं, लिहायला.’ कारकून नक्कल काढून टेबलावर ठेवतो. पण मॅपिंग वाचण्यापुरतंच असल्यामुळे नकलेवरही ‘लिहिण्यास परवानगी’ असा शिक्का बसत नाही. म्हणजे पुन्हा तपासलं की पुन्हा अडणार, आणि फेऱ्या संपायच्याच नाहीत. यावर कर्नलने जुनी युक्ती केली होती. नक्कल एकदा निघाली ना, मग चिठ्ठीवरचा ‘लिहायला’ हा शब्द खोडून टाकायचा. आता चिठ्ठीवर उरलं नुसतं ‘पान हवं’. पुढच्या फेरीत टेबलावरची नक्कल उचलायची आणि द्यायची.

या दोन फेऱ्यांमध्ये क्षणभराची फट आहे. तेवढ्यात तुमचाच जोडीदार, म्हणजे त्याच प्रोसेसचा दुसरा थ्रेड, ‘मॅडव्हाइज’ कॉल करून सांगतो की हे पान आता नको. हा कॉल पूर्ण कायदेशीर आहे. नक्कल केराच्या टोपलीत जाते. कारकून वळून बघतो तर टेबल रिकामं, आणि चिठ्ठीवर फक्त ‘पान हवं’. वाचायलाच हवं असेल तर मूळ वही द्यायला हरकत काय? तो ती आणून देतो. लिहिण्याची मूळ विनंती मात्र अजून चालूच असते, आणि शाई थेट मूळ वहीवर उमटते. ती वही म्हणजे सिस्टिमची पासवर्डची फाइल असेल, तर पुढचं सांगायला नको.

मग लॉक काय करत होतं? प्रोसेसच्या मेमरीवरचं लॉक दोन्ही थ्रेडनी घेतलेलं होतं. पण दोघांनीही ते ‘वाचक’ म्हणून, सामायिक पद्धतीने घेतलेलं. पेज टेबलचं आतलं छोटं लॉकही प्रत्येक पायरीला लागत होतं आणि सुटत होतं. प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे निर्दोष, पण दोन पायऱ्यांना बांधणारं काहीच नाही. म्हणूनच डेटा रेस शोधणारं केसीसॅन हे साधन (२०२० मध्ये ५.८ आवृत्तीत आलं) अशा बगवर बोट ठेवेल, ही आशा नको.

सगळं सामायिक लॉक एकट्याचं करून टाकलं तर? बग जाईल, पण पेज फॉल्टसारखी रोजची कामंही एकमेकांसाठी ताटकळत बसतील. ऑक्टोबर २०१६ मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्सने केलेली दुरुस्ती त्यापेक्षा शहाणपणाची आहे, आणि अगदी छोटी. चिठ्ठीवरचा ‘लिहायला’ खोडायचाच नाही. बाजूला नवी खूण करायची: ‘नक्कल काढली होती.’ आणि पान देताना नुसत्या खुणेवर विसंबायचं नाही. समोरचं पान ‘डर्टी’, म्हणजे बदललेलं म्हणून नोंदलेलं आहे का, तेही बघायचं. नसेल तर ही आपली नक्कल नव्हे, पुन्हा काढा. नव्या मुलांना कर्नल दाखवताना मी हाच पॅच आधी उघडतो, कारण त्यात एकही नवं लॉक नाही.

पॅचसोबतच्या टिपणात टॉर्व्हाल्ड्सने मोकळेपणाने लिहिलंय की हाच बग त्याने अकरा वर्षांपूर्वी, २००५ मध्ये, वाईट पद्धतीने दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता. आयबीएमच्या एस-३९० मेनफ्रेमवर अडचण आली म्हणून ती दुरुस्ती मागे घेतली गेली. तेव्हा ही रेस कागदावरचीच वाटायची. पुढे मेमरीचा कोड अधिकाधिक समांतर चालू लागला आणि फट गाठणं सोपं झालं. २०१६ मध्ये फिल ओस्टर यांनी बग कळवला तो स्वतःच्या सर्व्हरवर येणारी वाहतूक टिपून ठेवली होती म्हणून. हल्लेखोर तो आधीच वापरत होते.

अँड्रॉइडच्या पोटात हाच कर्नल असल्यामुळे प्रकरण सर्व्हरपुरतं राहिलं नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये, म्हणजे पॅच येऊन जवळजवळ वर्ष झाल्यावर, ट्रेंड मायक्रोने ‘झेडएनआययू’ नावाचं मालवेअर उघड केलं. ते फोनवर रूट मिळवायला डर्टी काऊच वापरत होतं, आणि सर्वाधिक बळी चीन आणि भारतात सापडले. पॅच कर्नलमध्ये होता. स्वस्त, जुन्या फोनपर्यंत पोचला नव्हता.

आणि त्याच वर्षाच्या शेवटी दुरुस्तीतच भोक सापडलं. ‘डर्टी’ खूण म्हणजे नक्कल निघाल्याचा पुरावा, हे साध्या पानांसाठी खरं होतं. मोठ्या पानांच्या, म्हणजे ह्यूज पेजच्या कोडमध्ये मात्र नुसतं वाचतानाही ती खूण बसत होती. नवा क्रमांक मिळाला, सीव्हीई-२०१७-१०००४०५, आणि नवा पॅच आला: खूण करायची ती लिहिण्याची विनंती असेल तेव्हाच.