सोमवारची संध्याकाळ

तीर्थपुरीपासून देशाच्या सीमा इतक्या दूर, की 1962 ते 1971 या काळातील तीन युद्धांपैकी एकाचाही तोफेचा आवाज तेथे पोहोचणे शक्य नव्हते. त्या वेळी हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. जालना जिल्हा झाला तो 1 मे 1981 रोजी. तरीही युद्ध आले. ते घरातील ताटातून, दागिन्यांच्या डबीतून आणि टपालातून आले, आणि त्याची झळ वाढत्या वयाच्या मुलामुलींना लागल्यावाचून राहिली नाही.

1965 साली देश धान्यासाठी अमेरिकेच्या पी. एल. 480 करारातील गव्हावर विसंबून होता. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. त्यापूर्वी त्यांनी हा प्रयोग स्वतःच्या घरी मुलांसह करून पाहिला, असे त्यांच्या पुत्रांनी सांगितले आहे. सोमवारची संध्याकाळ त्यासाठी ठरली. शहरांतील अनेक उपाहारगृहे त्या वेळी बंद राहू लागली.

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या जैन घरातील मुलांना संध्याकाळी चूल न पेटण्याचे नवल नव्हते. पण दोन्हींत फरक होता. एकाशन हे ज्याचे त्याने, स्वतःच्या कर्मनिर्जरेसाठी करावयाचे. सोमवारी वाचलेली भाकरी मात्र अनोळखी माणसासाठी होती. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हा भेद समजावून सांगणे सोपे नसावे, कारण भूक दोन्हीकडे सारखीच लागते!

सोन्याची गोष्ट अधिक नाजूक होती. चीनशी झालेल्या युद्धानंतर, जानेवारी 1963 मध्ये, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि नवे दागिने 14 कॅरटहून अधिक शुद्धतेचे घडविण्यास बंदी झाली. सराफी पेढ्यांवरील तरुण कारागिरांचे काम गेले. पुढे 1965 मध्ये सरकारने राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोखे काढले. सोने द्यावयाचे, दर 10 ग्रॅमला वर्षाकाठी 2 रुपये व्याज घ्यावयाचे आणि 1980 मध्ये सोनेच परत न्यावयाचे. व्याज किरकोळ दिसते. परंतु परतफेड सोन्यात असल्याने देणाऱ्याचे नुकसान झाले नाही. 1965 मध्ये 10 ग्रॅमला 70 रुपयांच्या आसपास असलेला भाव 1980 मध्ये 1,300 रुपयांच्या घरात पोहोचला होता. हिशेब चोख झाला.

हिशेबात न बसणारी बाब निराळी. आजीने नातीच्या लग्नासाठी राखलेल्या पाटल्या रोख्यात गेल्या असतील आणि नात तेव्हा 15 वर्षांची असेल, तर सोने परत येईपर्यंत ती तिशीत पोहोचणार. पाटल्या परत आल्या तरी बोहल्यावर त्या तिच्या हातात नव्हत्याच. तिचे मत कोणी विचारले असेल, असे त्या काळच्या घरांची रीत पाहता वाटत नाही.

महाविद्यालयांत याच सुमारास राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची झाली. ती सक्ती 1968 मध्ये उठली.

1971 मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे 1 कोटी निर्वासित भारतात आले. 15 नोव्हेंबरपासून टपालावर नेहमीच्या तिकिटाखेरीज निर्वासित साहाय्याचे 5 पैशांचे तिकीट लावावे लागे. वसतिगृहातून घरी पैसे मागणाऱ्या विद्यार्थ्याच्या पत्रालाही त्यातून सूट नव्हती. युद्ध 16 डिसेंबरला संपले, तिकीट मार्च 1973 पर्यंत चालू राहिले. तोवर मराठवाड्यात दुष्काळ पडला होता, आणि शाळा सोडलेली कित्येक मुले दुष्काळी कामांवर आईबापांशेजारी बसून खडी फोडीत होती.