'नाईक, मांद्रे' म्हणजे नेमके कोण? संपर्क-नोंदींचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या मांद्रे गावात एखाद्या गेस्टहाऊसवाल्याचा फोन चाळला, तर 'नाईक फिश', 'नाईक वायरमन', 'नाईक जुनसवाडा', 'टॅक्सी मोपा', 'रशियन बाई रूम ४' अशा नोंदींची रांग दिसते. ज्याने त्या केल्या त्याचे काहीच अडत नाही. अडते ते हंगामात काउंटरवर बसणाऱ्या पुतण्याचे, आणि त्याहून जास्त अकाउंटंटचे. कोणत्या नाईकांना किती पैसे दिले, हे मार्चअखेर त्याला शोधून काढावे लागते. ५ जानेवारी २०२३ रोजी मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला तो याच पेडणे तालुक्यात. पाहुण्यांची ये-जा सांभाळताना किनाऱ्यावरचे लहान व्यवसायही आता वहीवर भागवत नाहीत. हिशेबासाठी टॅली असतेच, जोडीला बुकिंगचे, बिलांचे, ग्राहकनोंदीचे एखादे सॉफ्टवेअर येते. आणि त्याबरोबर काही समजही येतात, जे पुढे महागात पडतात.

त्यातला सर्वांत पक्का समज असा, की सॉफ्टवेअर घेतले की नोंदी आपोआप नीट लागतात. सॉफ्टवेअरला माणूस ओळखता येत नाही. ते अक्षराशी अक्षर ताडून पाहते, आणि गोव्यात नेमकी अक्षरांचीच अडचण आहे. 'नाईक' हे आडनाव रोमन लिपीत कोणी शेवटी 'के' लावून लिहितो, तर कोणी पोर्तुगीज वळणाने 'क्यू-यू-ई' लावून. 'गावकर'मधला 'क' कुठे 'के'ने येतो, कुठे 'सी'ने. 'डिसोझा'त कधी ॲपॉस्ट्रॉफी असते, कधी मोकळी जागा, कधी दोन्ही नाहीत. एकच माणूस आधार कार्डावर एका तऱ्हेने आणि बँकेच्या पासबुकावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेला सापडतो. टॅलीत अशा माणसाची दोन लेजर, म्हणजे खाती, उघडली गेली, की एका लेजरवर येणे दिसते, दुसऱ्यावर ॲडव्हान्स पडून राहतो, आणि दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसांत कुरबुर होते.

यावरचा उपाय टॅलीतच आहे, पण फार थोडे लोक तो वापरतात. लेजरच्या नावाखाली 'एलियास' म्हणजे टोपणनावाची जागा असते. मुख्य नाव बिलावर किंवा पॅन कार्डावर आहे तसे लिहावे आणि बोलीतले नाव एलियासमध्ये टाकावे. मग दोन्हींपैकी काहीही टाइप केले तरी एकच लेजर समोर येते.

गावांच्या नावांची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. पेडण्याचे रोमन रूप पेर्नेम, हरमलचे आरंबोल, डिचोलीचे बिचोलिम, साखळीचे सांकेलिम. बाहेरून आलेल्या कर्मचाऱ्याला हरमल आणि आरंबोल ही दोन गावे वाटली तर त्याचा दोष नाही. उलट एकाच नावाची अनेक गावेही आहेत. केरी पेडण्यात तेरेखोल नदीच्या मुखाशी आहे, केरी सत्तरीत आहे आणि केरी फोंड्यातही आहे. पत्त्याच्या रकान्यात नुसते 'केरी, गोवा' लिहिले तर माल कोणत्या केरीला जाईल हे ड्रायव्हरच्या अंदाजावर राहते.

'पिनकोड भरला नाही तरी चालतो, पोस्टमन ओळखतो' हे म्हणणे इथेच कोसळते. पिनकोड जन्माला आला तोच या गोंधळातून. एकाच नावाची गावे, वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते आणि चुकीची स्पेलिंगे यांवर तोडगा म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही सहा आकडी पद्धत आखली. ते टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृतमध्ये नाटके व कविता लिहिणारे पंडितही. १५ ऑगस्ट १९७२ पासून ही पद्धत देशभर लागू झाली. पहिला आकडा विभाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून टपालवर्गीकरणाचा जिल्हा कळतो, आणि गोव्याचे पिनकोड ४०३ ने सुरू होतात. शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. मांद्रेचा पिनकोड ४०३५२७, शेजारच्या हरमलचा ४०३५२४. गावाचे नाव कोणी कसेही लिहो, हे सहा आकडे बदलत नाहीत. म्हणून पिनकोडला स्वतंत्र रकाना हवा. तो पत्त्याच्या ओळीत कोंबला तर सॉफ्टवेअरला त्यावरून यादी लावता येत नाही.

मात्र पिनकोड घरापर्यंत नेत नाही. मांद्रेतला पत्ता म्हणजे घर क्रमांक, वाडा आणि एखादी खूण. जुनसवाडा, आस्कावाडा, मधलामज, आश्वे हे वाडे पाहुण्यांना माहीत नसतात आणि नकाशेही कधी चकवतात. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये 'डिजिपिन' आणला आहे. सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांचा स्वतंत्र संकेत असतो. माडांमधल्या, मुख्य रस्त्यापासून आत असलेल्या घरांना तो खरोखर कामाचा आहे. पण तो पत्त्याऐवजी नव्हे, पत्त्याबरोबर लिहायचा.

नावाच्या रकान्यांबद्दल लोक फारसा विचार करत नाहीत. 'पहिले नाव, आडनाव, झाले काम' असा हिशेब असतो. जगभरचे फोन आणि सॉफ्टवेअर एकमेकांना संपर्क पाठवतात ते बहुधा 'व्ही-कार्ड' या सामायिक नमुन्यात. त्याची चौथी आवृत्ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात नावाचे पाच भाग आहेत: आडनाव, दिलेले नाव, मधली नावे, आधीची उपाधी आणि नंतरची उपाधी. शिवाय पूर्ण नाव जसे दाखवायचे तसे ठेवण्याची वेगळी जागा आहे. मराठी माणसाचे वडिलांचे नाव मधल्या भागात बसते. 'डॉ.' हा पहिल्या नावाचा भाग नव्हे. तो तिथे लिहिला, की गावातले सगळे डॉक्टर 'ड'खाली जमा होतात.

परदेशी पाहुण्यांच्या बाबतीत चूक महाग पडते, कारण त्यांची माहिती राहण्याची सोय देणाऱ्याने २४ तासांच्या आत सरकारी पोर्टलवर कळवायची असते, आणि तिथले नाव पासपोर्टशी जुळावे लागते. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात. त्यात आडनाव आधी येते. रशियन नवराबायकोचे आडनाव अनेकदा 'इव्हानोव' आणि 'इव्हानोवा' असे वेगळे दिसते. ही टंकनाची चूक नाही, तो त्यांच्या भाषेचा नियम आहे. एखाद्या उत्साही कर्मचाऱ्याने ते 'दुरुस्त' करू नये.

आता फोन नंबर. 'दहा आकडे म्हणजे नंबर' हे भारतात मोबाइलपुरते खरे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या ई-१६४ या मानकाप्रमाणे पूर्ण नंबर म्हणजे अधिक चिन्ह, देशाचा संकेत आणि पुढचे आकडे. सारे मिळून जास्तीत जास्त पंधरा. रशियातला पाहुणा आपला नंबर सवयीने ८ ने सुरू करून सांगतो. तो आठ देशांतर्गत डायलिंगचा. बाहेरून लावताना त्याच्या जागी +७ येतो. ब्रिटिश पाहुण्याच्या नंबरातले पहिले शून्य +४४ लावल्यावर गळते. गोव्याच्या लँडलाइनचेही तेच: ०८३२ मधले शून्य +९१ पुढे राहत नाही. नंबर पहिल्या दिवशीच +९१ सह लिहिला, तर कोणत्याही देशातून, कोणत्याही सॉफ्टवेअरमधून तो लागतो. एका रकान्यात तिरकी रेघ मारून दोन नंबर लिहिणे ही वहीची सवय आहे. यंत्र त्यातला एकही धड लावत नाही.

आणि मग एक्सेल. 'यादी एक्सेलमध्ये आहे म्हणजे सुरक्षित आहे' असे छातीठोकपणे सांगितले जाते. एक्सेल नंबरला रक्कम समजते. ०८३२ चे ८३२ होते, अधिक चिन्ह उडते, बारा आकडी नंबर घातांकाच्या रूपात आक्रसून दिसतो. पंधरा आकड्यांच्या पुढचे आकडे तर शून्य होऊन बसतात, म्हणजे पुरवठादाराचा सोळा आकडी बँक खाते क्रमांक गुपचूप बदलतो. रकाना आधीच 'टेक्स्ट' केला तर यातले काहीही होत नाही. देवनागरी नावांची प्रश्नचिन्हे होतात, तेव्हा लोक मराठीला दोष देतात. दोष फाइल जपून ठेवण्याच्या पद्धतीचा असतो. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय निवडला की मांद्रेचे मांद्रेच राहते. देवनागरी १९९१ पासून युनिकोड या सामायिक अक्षरसंकेतात आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या याद्या मात्र आधी रूपांतरित कराव्या लागतात.

याद्यांतला निष्काळजीपणा किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण इंग्लंडने २०२० मध्ये पाहिले. तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने कोविडचे अहवाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये एकत्र केले. त्या फाइलीत ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातली १५,८४१ बाधितांची नावे रोजच्या आकड्यांतून सुटली आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. इतक्या मोठ्या यंत्रणेत हे होऊ शकते, तर हंगामाच्या घाईत काउंटरवर का होणार नाही?

व्यक्ती आणि संस्था एकाच नोंदीत ठेवणे ही आणखी एक खोड. मुंबईची एखादी लग्न-नियोजन कंपनी आश्वेला लग्न लावते. तिचे बिल कंपनीच्या नावाने जाते, बोलणी एका समन्वयकाशी होतात, पैसे लेखा विभाग पाठवतो. तिघांना एकच 'कॉन्टॅक्ट' मानले, तर समन्वयक नोकरी सोडून गेला की कंपनीच हातातून गेली असे वाटते. मुंबईतल्या फ्रॅपे या कंपनीच्या ईआरपीनेक्स्ट या व्यवसाय-सॉफ्टवेअरमध्ये ग्राहक, संपर्कव्यक्ती आणि पत्ता या तीन वेगळ्या नोंदी असून त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. एका ग्राहकाला पाच माणसे जोडता येतात, एकच माणूस दोन ग्राहकांशी जोडता येतो. सुरुवातीला हे जास्तीचे काम वाटते. दुसऱ्या हंगामात त्याची किंमत कळते.

कंपनीच्या नोंदीत जीएसटी क्रमांक असतो, आणि तो पाहूनच बरेच काही कळते. पंधरा अक्षर-आकड्यांतले पहिले दोन राज्याचे: गोवा ३०, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. शेवटचे अक्षर तपासणीचे, त्यामुळे टंकनाची चूक चांगले सॉफ्टवेअर लगेच पकडते. इथे एक समज दूर करायला हवा. ग्राहकाचा क्रमांक २७ ने सुरू होतो म्हणून मांद्रेतल्या खोलीवर आंतरराज्य कर लागत नाही. खोली जिथे उभी आहे तेच पुरवठ्याचे ठिकाण, म्हणून कर केंद्राचा आणि गोव्याचा. पत्त्यावरून कर आपोआप लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही गोष्ट सांगून ठेवावी लागते.

'ईमेल असला की पाहुणा परत सापडतो' हेही अर्धेच खरे. बुकिंग डॉट कॉम पाहुण्याचा खरा ईमेल न देता आपल्या यंत्रणेतला टोपण पत्ता देते. हबस्पॉटसारखी ग्राहकनोंदीची सॉफ्टवेअरे ईमेलवरूनच दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का ते ठरवतात. म्हणजे दरवर्षी येणारा पाहुणा दरवर्षी नवा माणूस म्हणून नोंदला जाऊ शकतो. पाहुणा समोर असताना त्याला विचारून खरा पत्ता घेणे हाच मार्ग.

व्हॉट्सॲपच्या साध्या ब्रॉडकास्ट यादीवर फार भिस्त असते. त्या यादीत २५६ जणांची मर्यादा आहे, आणि ज्याने पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच संदेश पोचतो. ज्यांनी केला नाही त्यांना काहीच मिळत नाही. हंगामाचे दर पाठवूनही उत्तर न येण्यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

सिंक म्हणजे बॅकअप, हाही असाच एक समज. सिंकमध्ये एका फोनवर पुसलेली नोंद सगळीकडून पुसली जाते. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये पुसलेले तीस दिवस परत आणता येते, त्यानंतर नाही. महिन्यातून एकदा पूर्ण यादीची प्रत वेगळी काढून ठेवणे याला पर्याय नाही.

शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. 'नंबर त्याने स्वतः दिला, म्हणजे आता तो आपला' असे मानून तो टॅक्सीवाल्याला, पार्टीच्या आयोजकाला, जमिनीच्या दलालाला दिला जातो. हे चूक आहे आणि नव्या कायद्यातही बसत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. संमती ज्या कारणासाठी घेतली त्यापुरतीच असते. काम संपले आणि दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितले नसेल, तर माहिती पुसायची असते. वहीत लिहून नंतर संगणकात भरलेली माहितीही या कायद्याखाली येते. सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायचा आहे, म्हणजे मराठी आणि कोकणी दोन्ही त्यात आल्या.

जून ते सप्टेंबर किनारा थंडावतो, शॅक उतरवलेले असतात, खोल्या रिकाम्या असतात. जुन्या याद्या तपासायला याहून चांगला काळ नाही. जे नंबर लागत नाहीत ते काढावेत, एकाच माणसाच्या नोंदी जोडाव्यात, पिनकोड भरावेत, पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोनमध्ये साठलेले फोटो पुसावेत. आणि सगळी यादी एकट्या मालकाच्या फोनमध्ये असेल, तर ऑक्टोबर उजाडण्याआधी ती तिथून बाहेर काढून घरातल्या आणखी एका माणसाला समजेल अशी लिहावी.