चिक्की कडक का होते?

दौंडच्या गुऱ्हाळातला गूळ आणि भाजलेले शेंगदाणे, चिक्कीला एवढं पुरतं. मग ती कधी कुरकुरीत, तर कधी चिवट का होते?

गुळाचा पाक उकळताना पाणी उडतं आणि तापमान १०० अंशांच्या वर चढत जातं. गार पाण्यात टाकलेला थेंब कडक होऊन टणकन वाजला, की पाक सुमारे १५० अंशांवर पोचलेला असतो. पाणी नाममात्र उरतं. थापलेला पाक झटकन गार होतो. गुळातल्या साखरेच्या कणांना शाळेतल्या प्रार्थनेच्या मुलांसारखं रांगेत लागायला वेळच मिळत नाही. ते जागच्या जागी थिजतात, अगदी काचेतल्या कणांसारखे. म्हणून चिक्की कटकन मोडते.

गॅस लवकर बंद केला, तर उरलेलं पाणी कणांना सरकू देतं आणि चिक्की दातांना चिकटते. पावसाळी ओलावाही तेच करतो. म्हणून चिक्की गार होताच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी.